पंपहाऊसवरची भुवई

पेंटरला या कामातून काय मिळणार, याचा हिशेब त्याच्या बायकोने परांची बांधली जात असतानाच मांडला होता. भिंतीच्या कोपऱ्यात बोटभर अक्षरांत नाव मिळणार. शिवाय जन्मभर 'येथे थुंकू नये' लिहिलेल्या माणसाला, लोक थांबून बघतील असं काहीतरी एकदा काढायला मिळणार.

"आणि मला काय?" डबा वर देत तिने विचारलं.

"तुला काय हवंय?"

"लग्नाआधी म्हणाला होतात, तुझं चित्र काढीन."

"काढीन की."

"काढा, काढा. डोळे अधू झाले की काढा, म्हणजे मीही बरी दिसेन."

नगरपालिकेला पंपहाऊसच्या भिंतीवर बादली घेतलेली बाई हवी होती. पण चेहरा कुठल्याही जिवंत माणसाचा नको, ही अट. मागे एका नगरसेवकाने शाळेच्या भिंतीवर स्वतःला उगवता सूर्य म्हणून रंगवून घेतलं होतं, तेव्हापासूनची. अट मोडली की भिंतीला चुना.

पेंटरने भिंतीवर खडूच्या चौकटी आखल्या. साडी, बादली, हात सगळं कागदावरून उतरवलं. चेहऱ्यासाठी कागद नव्हता. 'बाईचंच तोंड आहे, हात काढील आपोआप,' म्हणाला. हाताने काढलंही. परांचीवर बसलेल्या माणसाला एका वेळी एकच नाकपुडी दिसते, त्यामुळे त्याच्या काही लक्षात आलं नाही.

परांची उतरली आणि नळावरची रांग बादल्या टाकून हसायला लागली. दोन मजली बाई उभी होती, डावी भुवई वर चढवून. पेंटर 'आलोच पाच मिनिटांत' म्हणून जायचा आणि दिवेलागणीला परतायचा, तेव्हा दारात जी भुवई दिसायची, तीच.

"अगं बाई, ही तर आपली पेंटरीणबाई!" शिंपीण ओरडली.

"मेलो," पंपवाला म्हणाला. "आता पाणी उशिरा सोडायची सोय राहिली नाही."

पेंटर पांढराफटक पडला. "अगं, शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही केलं."

बायको मान वर करून बघत राहिली. तेवढ्यात नगरपालिकेची जीप आली. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे.

"पेंटर, ही कोण?"

पेंटर कोरडाच ब्रश पुसायला लागला.

"अट ठाऊक आहे ना? उद्या सकाळी चुनेवाला पाठवतो."

तशी ती पुढे झाली. डावी भुवई तिने बळेच खाली ओढून धरली होती.

"साहेब, तुम्हीसुद्धा? ही सगळी मघापासून मला चिडवताहेत. हे माझं नाक? या नाकात बादली अडकेल! हनुवटी बघा, दाराला अडसर म्हणून लावा. इतकी वर्षं यांच्या घरात राबले, यांना माझं तोंड धड आठवत नाही, आणि तुम्ही म्हणता ही मी?"

साहेबांनी नीट निरखलं. खालच्या बाईच्या दोन्ही भुवया पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या.

"नाही हो," साहेब ओशाळले. "तुमचं नाक पुष्कळच बरं आहे." आणि त्यांनी पसंतीची सही ठोकली. शिंपिणीला अचानक जोराचा खोकला आला.

एकूण जमाखर्च असा : पेंटरला नाव मिळालं, साहेबांची अट शाबूत राहिली, शिंपिणीला वर्षभराचा विषय मिळाला, आणि पंपवाला भिंतीकडे बघून वेळेवर पाणी सोडू लागला. भरपाई मात्र बायकोने एकटीने केली. जन्मात एकदाच निघालेलं आपलं चित्र तिने चारचौघांत नाकारलं.

संध्याकाळी रांग पांगल्यावर ती विसरलेला डबा न्यायला परत आली. रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग भिंतीसमोर ताठ उभी राहून तिने डबा बादलीसारखा हातात धरला, आणि दिवसभर दाबून ठेवलेली भुवई हळूच वर जाऊ दिली.