साहेबाची जागा

माझा धाकटा भाऊ मोरू, त्याचं तोंड बघायची मला इच्छा नव्हती. पण करता काय? घर एक, मध्ये कूड घातलेला. पुढचं अंगण एक, मध्ये दगडांची रांग. उजवीकडे मी, डावीकडे तो. बाप गेला, सुपारीच्या वाडीतल्या पाण्याच्या पाळीवरून आम्ही भांडलो, ते भांडलोच. सगळ्या दिवेआगरात ठाऊक होतं, कोंडाजी आणि मोरू म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य.

त्यात माझं अंगण त्याच्या डोळ्यांत खुपायचं. खुपणारच! ओढ्याकडची लाल माती मी आणि माझी बायको कोकिळा, दोघांनी डोक्यावरून वाहिली, पाणी मारून चोपली, सारवली. मूल नाही आम्हाला. जन्मात हातानं काही घडवलं असेल तर ते एवढं अंगण. त्यावर सुपारी खडखडीत वाळायची. मोरूचं अंगण म्हणजे खड्डे आणि ओल. आळशी तो पहिल्यापासूनच.

इंग्रज गेले त्या साली श्रीवर्धनच्या वाटेवरच्या बंगल्यातला गोरा साहेबही आगबोटीनं निघून गेला. त्याचं कुत्रं मागे राहिलं. राखणदारानं ते खोलीत कोंडलेलं, खायचं तिथंच आणि घाण करायची तीही तिथंच. कोकिळेला दया आली, आणलं घरी. चांगलं थोराड, वयात आलेलं कुत्रं. आम्ही त्याला साहेबच म्हणायला लागलो.

पहिल्याच दिवशी साहेब सारवलेल्या ओटीवर मुतला. मी काठी घातली. तर दुसऱ्या दिवशी आत जाऊन तांदळाच्या कणगीला!

"तंगडी मोडीन याची!" मी ओरडलो. "ठेव नेऊन होता तिथं."

"मारून शिकतंय व्हय कुणी?" कोकिळा म्हणाली. "घाबरून लपून करतंय ते. खाणं झालं की भायेर न्या. भायेर केलं की लगेच तोंडात कायतरी द्या. आपोआप कळंल."

बायको बोलली ते खरं होतं. बाहेर न्यायचं. पण बाहेर म्हणजे कुठं, ते तिनं सांगितलं नव्हतं.

मी ठरवलं. रोज सकाळी साहेबाला घेऊन दगडांच्या पलीकडे जायचं, मोरूच्या अंगणात. तिथं त्याची सुपारी पसरलेली. साहेबानं तंगडी वर केली की मी म्हणायचो, "शाब्बास साहेब!" आणि सुक्या बोंबलाचा तुकडा. काय सांगू, कुत्रं हुशार! माघ सरायच्या आत घरात थेंब पडेना. दार उघडलं की तीरासारखं दगड ओलांडून जायचं, काम उरकायचं आणि बोंबलासाठी माझ्यापुढं येऊन बसायचं.

मोरूची बायको सगुणा आकांत करायची. "पूजेला जाणारी सुपारी ही! मेल्या, देव बघतोय!"

"कुत्र्याची जात," मी म्हणायचो. "त्याला दगडाची रांग कळतीय व्हय?"

कोकिळेनं मला चांगलंच फैलावर घेतलं. "त्या मुक्या जिवाला तुमच्या भांडणात कशाला वढता?" मी ऐकलं नाही. खरं सांगतो, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

शेवटी मोरू गावचे पंच धर्माजीबाबा, त्यांच्याकडे गेला. "कायमचे वाटे करा, मध्ये दगड रचून गडगा घाला." मी म्हटलं, घाला! माझी कधी ना होती?

पाडव्याला धर्माजीबाबा चार माणसं घेऊन आले. आमच्याकडची रीत अशी: थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही. मी दगडांच्या रांगेवरच काठी ओढली. इकडचं घर-अंगण एक वाटा, तिकडचं दुसरा. उचलायचं ते नावापुरतं. सगुणेची चूल तिकडे, पोरं तिकडे जन्मली. ती चूल सोडून कोण येतंय?

"मोरू, उचल," बाबा म्हणाले.

तेवढ्यात साहेब उठला. चार माणसांदेखत दगड ओलांडून गेला, सुपारीच्या कडेला तंगडी वर केली आणि येऊन माझ्यापुढं बसला. लोक हसले. मीही हसलो.

मोरू हसला नाही. बोट माझ्या लाल अंगणाकडे करून म्हणाला, "मला हा वाटा."

"काय?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, ते मी केलंय! माझ्या हातानं!"

"आणि माझ्या अंगणाचं तू काय केलंस, दादा? साहेबानं आपली जागा पसंत केली हाय. त्याला आता कशाला हलवतोस?"

मी धर्माजीबाबांचे पाय धरले. ते म्हणाले, "कोंडाजी, काठी तूच वढलीस. रीत ती रीत."

कोकिळेनं खाली बसून त्या लाल मातीवरून नुसता हात फिरवला.

भांडीकुंडी हलली. मी ओल्या, खड्ड्यांच्या अंगणात माझी सुपारी पसरली. सकाळी दार उघडलं, तर साहेब सरळ गेला आणि माझ्याच सुपारीवर तंगडी वर केली. मग येऊन शेपूट हलवत माझ्यापुढं बसला.

मी काठी उचलली. कोकिळेनं मनगट धरलं. "खबरदार! शिकवलंत तसं करतंय ते."

पलीकडे लाल अंगणात मोरू उभा होता. अर्धवट रचलेल्या गडग्याशी आला, कमरेच्या पंच्यातून काहीतरी काढलं.

"शाब्बास साहेब!" म्हणाला आणि बोंबील टाकला.