रिकाम्या टाकीची गळती

आमच्या चर्चच्या मंडळीला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला जुन्या कागदांचा कंटाळा येत नाही, असा एक समज आहे. मी पाणीपुरवठा खात्यात पाण्याचे नमुने तपासते, आणि कंटाळा मलाही येतो. पण सभेत हात वर झाले, ठराव मंजूर झाला. आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत एकदा हात वर झाले की पाळकांचंही काही चालत नाही.

आईनं एवढंच विचारलं, "यादीत ह्यांचं नाव येईल ना?"

"बघते."

"बघायचं काय त्यात? लेखणी तुझ्या हातात आहे."

इतिहासाच्या शेवटी शंभर वर्षांतल्या सगळ्या चारशे बारा सभासदांची यादी छापायची होती. वडील सदतीस वर्षं न चुकता उपासनेला आले, पण सभासद कधीच झाले नाहीत. आमच्यात जन्मानं कुणी सभासद होत नाही. ज्याला व्हायचंय त्यानं कळत्या वयात सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या तोंडानं आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची, मग मंडळी हात वर करते, मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात, आणि त्यानंतरच नाव वहीत चढतं. वडील तोतरे होते. घरात आमच्याशी बोलताना कमी, चारचौघांत फार.

ते गवंडी होते. पूर्वी बाप्तिस्मे नदीच्या उतारावर व्हायचे. पाणी आटायला लागलं तेव्हा मंडळीनं व्यासपीठाच्या फळ्यांखाली टाकी बांधायचं ठरवलं, आणि ती त्यांनी बांधली. टाकी भरायला साडेचार तास लागतात, हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे.

आई एक्याऐंशीची आहे आणि बाप्तिस्म्याचे पांढरे झगे अजून तीच शिवते. झगा पाण्यात फुगून वर येऊ नये म्हणून खालच्या दुमडीत लोखंडी चकत्या शिवाव्या लागतात. त्या आठवड्यात ती जुन्या झग्यांच्या चकत्या काढून नव्या घालत होती. तिचं एका जागी बसणं होत नव्हतं. दोन टाके घातले की उठायची, खिडकी लावायची, पुन्हा येऊन ती उघडायची. मीही काही वेगळं करत नव्हते. वही घेऊन टेबलाशी बसले की पाच मिनिटांत उभी.

शेवटी सोमवारी कामावरून परस्पर हेडमास्तरांकडे गेले. ते शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, आता ते मंडळीचे चिटणीस आहेत, पण सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणतात. व्यासपीठामागच्या खोलीत ते खडूनं खुर्च्यांना नंबर घालत होते.

"यादी म्हणजे यादी, ताई," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांबद्दल मला कमी आदर आहे का? हे छप्पर त्यांनी तीनदा दुरुस्त केलंय. पण छपरावर चढणारा प्रत्येकजण सभासद धरला तर मांजरांचीही नावं घालावी लागतील."

"मी घाला म्हटलेलं नाही. जुनी इतिवृत्तं हवीत."

"कुठल्या सालची?"

"सगळी."

त्यांनी कपाट उघडून दिलं आणि बजावलं, "माझ्या वडिलांच्या हातच्या वह्या जपून. ते अठ्ठावीस वर्षं चिटणीस होते. त्यांच्या वहीत एक खाडाखोड दाखवा, हा खडू खाऊन दाखवतो."

खाडाखोड खरंच नव्हती. मंगळवार आणि बुधवार मी त्या खोलीत वाचत बसले, म्हणजे बरंचसं उभ्यानंच. शिंप्याच्या ओसरीवर सात माणसांनी मंडळी सुरू केली, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. बाकांना पाठ असावी की नसावी यावर तीन सभा झाल्या. पाठ असली तर लोक प्रवचनात झोपतील, असं एका पक्षाचं म्हणणं. दुसऱ्या पक्षाच्या मते लोक तसेही झोपत होते, निदान पडणार तरी नाहीत. बाजाच्या पेटीवरून अकरा कुटुंबं फुटून गेली आणि पेटी बिघडल्यावर नऊ परत आली. हे सगळं लिहून घेताना मजा यायला हवी होती. माझा हात चालत होता आणि डोळे पुढच्या पानावर, पुढच्या सालावर पळत होते.

बुधवारी दुपारी ते पान सापडलं. शेहेचाळीस वर्षांपूर्वीची सभा.

"साक्ष. अर्जदार गवंडी उभे राहिले. पाव तास उभे होते. शब्द आले नाहीत. सूचना आली की विषय तहकूब करावा. सूचक, अर्जदाराची पत्नी. अनुमोदक, शिंपी. मंजूर."

पुढच्या महिन्यात लिहिलं होतं, "तहकूब विषय. अर्जदार टाकीची गळती पाहत असल्याने गैरहजर. विषय पुढे." त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. असं चौदा महिने. मग विषयपत्रिकेतून ते कलम नुसतंच नाहीसं झालं. नामंजूर केल्याची नोंद कुठेही नव्हती.

मी ते पान चारदा वाचलं. सूचक, अर्जदाराची पत्नी. वही मिटून बाहेर आले आणि घराच्या उलट दिशेला चालत सुटले. गोदामांच्या रस्त्यानं पुलापर्यंत गेले आणि परत फिरले. काहीतरी जुळत नव्हतं, आणि ते आईबद्दलचं नव्हतं. नमुन्याचा आकडा चुकीचा असला की तो का चुकीचा आहे हे कळायच्या आधी मला तो खटकतो, तसं.

पुलावरून परतताना ते लक्षात आलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सभेच्या वेळी, वडील मला टाकीत घेऊन जायचे. मागच्या खोलीतल्या छोट्या दारातून चार पायऱ्या खाली. हातात बॅटरी, कानामागे पेन्सिल. मी तळाशी बसायचे, ते भिंतीला टेकून. वर व्यासपीठावर खुर्च्या सरकायच्या, चिटणीसांचा आवाज फळ्यांतून स्पष्ट यायचा. "गळती बघतोय," ते म्हणायचे, आणि मला ओठांवर बोट ठेवून दाखवायचे.

टाकी कोरडी असायची. गळती बघायची तर टाकी भरावी लागते, पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची रेघ मारावी लागते आणि दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली गेलं का ते बघावं लागतं. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. रिकाम्या टाकीत गळती दिसत नाही.

घरी आले तेव्हा आई झग्याची दुमड उसवत होती.

"वाचलंस," ती म्हणाली. तोंडावर दिसत असावं.

"तू का थांबवलंस त्यांना?"

ती उठली, खिडकीपाशी गेली, तशीच परत आली. "पाव तास, बाई. सगळा गाव बसलेला. ह्यांचे ओठ हलताहेत, मानेच्या शिरा अशा वर आलेल्या. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मला वाटलं, मी सोडवते ह्यांना. उठले आणि बोलले. मला पटकन बोलता येतं, हेच वाईट."

"मग?"

"बाहेर आल्यावर म्हणाले, ओठांवर आलं होतं. एवढंच. आलं होतं." तिनं सुई कापडात खोचली. "भांडले असते तर बरं झालं असतं. पुढचा महिना आला की म्हणायचे, टाकी गळते. चौदा महिने मी मान डोलवली. मग सांगितलं, ते कलम काढून टाका, माणसाला उगाच अवघडल्यासारखं होतं. तेही मीच सांगितलं."

"यादीत मला घालता येणार नाही, आई. तो बाप्तिस्मा झालाच नाही."

"माहीत आहे मला." ती झगा झटकायला लागली, चकत्या एकमेकींवर वाजल्या. "तू नाही म्हणणार, हेही माहीत होतं. पण विचारल्याशिवाय राहवेना."

टाकीतल्या शनिवारांबद्दल मी तिला सांगितलं. तिनं झगा खाली ठेवला. संपूर्ण आठवड्यात पहिल्यांदा ती काही वेळ हलली नाही.

"म्हणजे ऐकत होते," ती म्हणाली.

"दर महिन्याला."

"आणि मी ते कलम काढलं, तेही."

मी उसवलेल्या चकत्या गोळा करायला लागले.

शनिवारी तीनला वार्षिक सभा होती. दुसऱ्या दिवशी दोन मुलींचा बाप्तिस्मा होता, म्हणून टाकीचा नळ मी पावणेएकला सोडून ठेवला होता. वडील गेल्यापासून ते काम माझ्याकडे आहे. सव्वापाचला पाणी त्यांच्या जुन्या रेघेला लागतं, तेव्हा उठून नळ बंद करायचा. सभाभर पायांखाली पाण्याचा आवाज येत होता.

मी इतिहास वाचला. बाकांच्या पाठीवर लोक हसले, पेटीवर थोडे जास्तच हसले. मग ते पान आलं. मी इतिवृत्तातल्या ओळी जशाच्या तशा वाचल्या, सूचकासकट. आणि पुढे वाचलं, "या चौदा नोंदींत दुरुस्ती हवी. अर्जदार गैरहजर नव्हते. ते व्यासपीठाखाली टाकीत बसून सभा ऐकत होते. मी त्यांच्याबरोबर होते."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "माझ्या वडिलांनी खोटं लिहिलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. त्यांना फळ्यांखालचं दिसत नव्हतं."

"सहा वर्षांच्या मुलीची आठवण. पुरावा म्हणून..."

"टाकीत ह्यांच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत," आई पहिल्या बाकावरून म्हणाली. ती काठीच्या आधारानं उभी राहत होती. "पण मला रेघांबद्दल बोलायचं नाही. मी तेव्हा एक सूचना मांडली होती. ती मागे घेते."

पाळक तरुण आहेत, सव्वा वर्षापूर्वी आलेले. त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं.

"शेहेचाळीस वर्षांनी?" हेडमास्तर म्हणाले.

"सूचकाला आपली सूचना मागे घेता येते. नियम तुमच्याच वडिलांनी घातलाय."

"घेता येते," हेडमास्तर चष्मा पुन्हा चढवत म्हणाले. "सभेची हरकत नसेल तर."

पाळकांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही.

"मग आता काय करायचं, आजी?" पाळक म्हणाले. "अर्जदार तर..."

"अर्जदार उभा आहे असं समजायचं. मी मध्ये बोलले नसते तर तुम्ही जेवढा वेळ थांबला असतात, तेवढा वेळ थांबायचं."

ती बसली नाही. हेडमास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, वेळ लिहून घेतली आणि लेखणी खाली ठेवली. पाच वाजून दहा मिनिटं.

थांबणं फार अवघड असतं. कुणी खोकलं, कुणी पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. उद्या बाप्तिस्मा व्हायचा होता त्यातली थोरली मुलगी नखं खात होती. मला आईला खाली बसवायचं होतं आणि मी उठले नाही. खालच्या पाण्याचा आवाज बदलत होता. पोकळ होता तो भरीव होत गेला, आणि मला न बघता कळत होतं की पाणी रेघेच्या किती जवळ आलं.

सव्वापाच झाले. नळ चालूच, मिनिटाला पंधरा लिटर. पाणीपुरवठा खात्यातली बाई मी, पाणी वाया घालवणाऱ्यांना नोटिसा पाठवते. दाराजवळ बसलेल्या शिंप्याच्या नातसुनेनं माझ्याकडे पाहिलं, मग आपले पाय उचलून बाकावर घेतले. मागच्या खोलीच्या उंबऱ्याखालून पाणी आलं होतं. ते हेडमास्तरांच्या खुर्चीपर्यंत गेलं, त्यांच्या बुटांच्या दोन्ही बाजूंनी. ते हलले नाहीत.

पाच पंचवीसला त्यांनी लेखणी उचलली. "नोंद काय करू?"

"हजर होते," आई म्हणाली. "आणि मंडळी थांबली. एवढंच." मग ती बसली.

मी धावत खाली गेले आणि नळ बंद केला. साडेसहापर्यंत सगळ्यांनी मिळून फरशी पुसली, पाळकांनीसुद्धा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पिळलेलं फडकं माझ्या हातात देताना हेडमास्तर म्हणाले, "यादी मात्र चारशे बाराचीच राहील, ताई."

"चारशे बाराचीच," मी म्हटलं.