दिवस मावळताना बघा

रंभाच्या डाव्या डोळ्याची पापणी पहिल्यांदा दिवाळीनंतर उतरायला लागली. झोप आली असेल, म्हणून तिने डोळ्यांवर पाणी मारलं. पण पापणी उतरलेलीच राहिली.

न्हावरे गावातल्या तिच्या घरी चार म्हशी होत्या. सकाळची धार ती नेहमीसारखी काढायची. संध्याकाळी मात्र दुसऱ्या म्हशीखाली बसली की मूठ आवळायची नाही. समोर एकीच्या दोन म्हशी दिसायच्या. रात्री जेवताना जबडा इतका थकायचा की हनुवटी हाताने वर धरून ती भाकरीचा घास चावायची.

"सकाळी तर चांगली असतीस. सांजच्यालाच कसं गं होतं तुला?" सासूबाई, ताईबाई, एकदा म्हणाल्या.

टोमणाच होता तो. रंभा आतून दुखावली, पण प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नाही. सांजच्यालाच का?

तिचा नवरा ज्ञानू तिला डॉक्टरांकडे नेत राहिला. गावात सलाईन लावलं. शिरूरला एकांनी चष्मा दिला. दुसऱ्यांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आलं, म्हणून ताकदीची इंजेक्शनं दिली. ज्ञानूने मोबाइलवर उतरलेल्या पापणीचा फोटो दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "झोप कमी पडत असेल. टेन्शन घेऊ नका," आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्यावर दुसऱ्या दिवशी रंभाला मान उचलवेना. तिने गोळ्या उकिरड्यावर फेकल्या.

उन्हाळा लागला तसा तिचा आवाज बदलला. संध्याकाळी ती नाकातून बोलायला लागली. एकदा चहाचा घोट घेतला आणि अर्धा चहा नाकातून बाहेर आला. ज्ञानू समोर बसला होता. त्याने फडकं आणून तिच्यापुढे धरलं.

"आता कुणाकडं जायाचं?" शेवटी तो म्हणाला. "रिपोर्ट तर समदे नॉर्मल हायेत."

"कुणाकडं बी जाऊ," रंभा म्हणाली, "पर सकाळी जायाचं न्हाई."

"म्हंजी?"

"समद्यांनी मला सकाळचंच बघितलंय. पहिल्या एस्टीनं जातो, नंबर लावतो, आन् तवा मी धडधाकट असते. मला दिवस मावळताना बघाया पायजे. तवा बघून सांगू द्या मला, काय न्हाई म्हणून."

दूध घालायला गेल्यावर डेअरीत तिने चौकशी केली. मज्जातंतूंच्या एक डॉक्टरबाई आठवड्यातून एकदा संध्याकाळी दौंडला येतात, असं कळलं. रंभाने तोच दिवस धरला.

त्या दिवशी ती दुपारी आडवी झाली नाही. मुद्दाम गोधड्या धुवायला काढल्या. पण एसटीत खिडकीशी बसल्यावर तिचा डोळा लागला, आणि दौंडला उतरली तेव्हा पापणी टक्क उघडी होती. हातातही जोर होता. ती रडायच्या बेतात होती.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. रंभाने कंपाउंडरला सांगितलं, "माजा नंबर शेवटी घ्या," आणि ती जिना चढउतार करायला लागली. ज्ञानू मागे धावला. "आगं, पडशील."

"पडू द्या. डॉक्टरांच्या दारात पडलेलं बरं."

वर आली की भिंतीवरचे बोर्ड ती मोठ्याने वाचायची, पुन्हा खाली जायची. बाकावरची माणसं बघत होती. हळूहळू तिचे शब्द नाकात शिरले. पायऱ्या एकीच्या दोन झाल्या. शेवटच्या खेपेला ज्ञानूने तिला काखेत धरूनच आत नेलं.

डॉक्टरबाईंनी फाइल उघडलीच नाही. त्या रंभाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"ताई, बसा. मान न हलवता वर छताच्या ट्यूबलाइटकडे बघा. बघत राहा."

रंभा बघत राहिली. दोन्ही पापण्या थरथरत खाली आल्या. डॉक्टरबाईंनी कंपाउंडरला हाक मारली. "खालच्या रसवंतीतून बर्फ आणा."

हातमोज्यात बर्फ भरून त्यांनी तो डाव्या डोळ्यावर धरला. जरा वेळाने काढला, तर ती पापणी वर उचलली गेली होती. उजवी तशीच होती, खाली. ज्ञानूने वाकून रंभाचा डोळा पाहिला, आणि चहा नाकातून आल्याचंही डॉक्टरबाईंना सांगून टाकलं.

"हा अशक्तपणा नाही आणि टेन्शनही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला मायस्थेनिया वाटतोय. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. काम केलं की ताकद ओसरते, विसावा मिळाला की परत येते. बर्फाच्या गारव्याने तो निरोप थोडा वेळ पोचला, म्हणून पापणी उचलली."

"बरा व्हतो?" रंभाने विचारलं.

"ताब्यात ठेवता येतो. पण तुमचा चहा नाकातून येतोय. उद्या श्वासालाही त्रास होईल. आजच पुण्याला ॲडमिट व्हा, मी फोन करते."

रंभाने डोळे पुसले. इतक्या महिन्यांत ती डॉक्टरांसमोर पहिल्यांदाच रडली होती.

पुण्यात रक्ताच्या तपासणीने डॉक्टरबाईंचं म्हणणं खरं ठरवलं. औषधं सुरू झाली, आणि संध्याकाळी ती पेलाभर पाणी न ठसकता प्यायली. छातीच्या स्कॅनमध्ये मात्र गाठ दिसली; या आजारात ती कधीकधी असते. ऑपरेशन सांगितलं, आणि तारीख आली ती नेमकी कांदा काढणीची.

"कांदा निघू दे, मग बघू," ज्ञानू चाचरत म्हणाला. त्याला कांद्याची नाही, ऑपरेशनची भीती होती. रंभाला ते कळत होतं.

"कांदा मजूर काढतील," ती म्हणाली. "गाठ काढाया न्हाई यायचे ते. तारीख हीच."

ऑपरेशन झालं. ती घरी आली, पण एकदम पहिल्यासारखी झाली नाही. गोळीची वेळ चुकली की अजून पापणी जड होते, कधी एखादा आठवडाच वाईट जातो. आता ती रोज दुपारी निजते, भर दिवसा, दार उघडं ठेवून. कुणी बाई हाक मारत आली, की ताईबाई उंबऱ्यातच तिला अडवतात.

"निजू दे तिला," त्या म्हणतात. "उठल्यावर ये."