उत्तरेची खिडकी

योगिनी मॅडमनी रुचिताची वही परत दिली ती लाल शेरा मारूनच. 'लिहिलंय तसंच करून पाहिलं. बारापैकी चारच दोरे जुळले. कृती वाचून दुसऱ्यालाही जमली पाहिजे. उद्या सकाळी शेवटची तपासणी, नाहीतर विज्ञान प्रदर्शनाला नाव जाणार नाही.'

रुचिताने घरी येऊन दप्तर आपटलं. तिची आई ब्लाउज शिवते. कापडाचा फोटो काढला की त्याच्या रंगाला कुठल्या नंबरचं दोऱ्याचं रीळ लागेल, ते सांगणारा प्रोग्रॅम पोरीने दोन महिने खपून लिहिला होता.

"घरी अकरा जुळले होते, आबा! मॅडमनाच फोटो काढता येत नाही."

"आण बघू वही," तिचे आजोबा सीताराम म्हणाले.

"तुम्हाला नाही कळायचं. कोडिंग आहे ते."

"कोडिंग राहू दे. मराठी वाचतो."

चाळिशी उलटल्यावर युनियनच्या वर्गात अक्षरं गिरवलेला माणूस. बोट ठेवून एकेक शब्द वाचायचा, ओळ गाळायची नाही.

"कापड टेबलावर पसरावे. फोटो काढावा. कुठलं टेबल, रुचे? किती वाजता?"

"त्याने काय होतंय?"

सीतारामांना हसू आलं. डोंबिवलीच्या डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, तेही असंच म्हणाले होते. तेव्हा चाळिशीतही अंगात रग होती. नखं कायम रंगलेली, घरी आलं की बायको हात बघून विचारायची, "आज हिरवा का हो?" एका संध्याकाळी घाईत त्यांनी ट्यूबलाइटखाली नमुना जुळवला आणि अख्खा नेव्ही ब्लू लॉट परत आला. दिवसाउजेडी तो वांगी दिसत होता. रंगखात्याचे गुरुदत्त मास्तर ओरडले नाहीत. खतावणीत एक ओळ लिहून म्हणाले, "ही तुझ्यासाठी." ती वाचायला सीतारामांना वर्ष लागलं. आयुष्यात सलग वाचलेली पहिली ओळ: 'नमुना सकाळी उत्तरेच्या खिडकीत पाहणे.'

"तू फोटो काढलेस कुठे?"

"बाल्कनीत. शाळेत जायच्या आधी, ऊन यायच्या आत." रुचिता थांबली. "आणि मॅडमनी दुपारी लॅबमध्ये, ट्यूबखाली..."

"मग लिही तसं."

"पण आबा, म्हणजे ट्यूबखाली चालत नाही असं होतं. प्रोग्रॅम कच्चा म्हणतील!"

"कच्चा आहेच. कुठे पिकतो ते सांग."

तिने टेबलाची ओळ खोडली. मग लिहिलं: 'सकाळच्या उजेडात, उन्हाची तिरीप नसलेल्या खिडकीत. ट्यूबलाइटखाली उत्तर चुकते.'

दुसऱ्या दिवशी आबा तिच्याबरोबर शाळेत गेले आणि लॅबच्या दाराशी उभे राहिले. मॅडमनी वही वाचली, टेबल सोडलं, कापडांचे तुकडे खिडकीत नेले. एकेक फोटो, एकेक रीळ. दहा जुळले.

"हे ट्यूबलाइटचं वाक्य आधी का नव्हतं?" मॅडमनी विचारलं.

"मला माहीतच नव्हतं, मॅडम. आबांनी विचारलं तेव्हा कळलं."

मॅडमनी सही केली आणि नाव यादीत चढवलं. रुचिताने मात्र वही लगेच मिटली नाही. न जुळलेल्या दोन कापडांचे रंग तिने खाली लिहून काढले, आणि वही आबांपुढे धरली.

"वाचा. काही राहिलं का बघा."