पाठीवरचं नाव

मी परात बोलतेय. पितळेची, जड, कडेला एक पोचा आलेली. रत्नागिरीत राजश्रीच्या मागल्या पडवीत, पाणचुलीवरच्या हंड्याचं झाकण म्हणून मी इतकी वर्षं काढली की घरातली माणसं मला परात म्हणायचंही विसरली होती. ‘ते झाकण बघू’ म्हणायची. असो. झाकण होण्याचा एक फायदा असतो. पडवीत येणाऱ्या-जाणाऱ्याचं सगळं कानावर पडतं, आणि मला पहिल्यापासूनच ऐकायची खोड.

माझा जन्म पेणचा. तांबटाने मला ठोकून घडवलं आणि गिऱ्हाइकाने सांगितलं तसं टोच्याने माझ्या पाठीवर नाव घातलं. त्याचा एकेक ठोका मला अजून आठवतो. पण नाव कुणाचं, ते काही कळलं नाही. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते?

लग्नातली भांडी म्हणून मी नव्या नवरीबरोबर रत्नागिरीला आले. घर शलोमजी निवळीकरांचं. ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. ही बेने इस्रायल माणसं, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. बोलणं आपलंच, नेसणं आपलंच, फक्त शनिवारी घरात चूल पेटायची नाही. नवस फेडायचा असला की माझ्यात मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळांच्या फोडी. एलियाहू हन्नबीचं, म्हणजे त्यांच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचं, नाव घेऊन सगळी खायची आणि एक वाटी शेजारच्या येसूबाईकडे जायची.

नवरी मला फार जपायची. माहेरची होते ना मी. तिला घरात कुणी नावाने हाक मारल्याचं मात्र मी ऐकलं नाही. सासू ‘सूनबाय’ म्हणायची, शलोमजी ‘अगो, ऐकलंस का’ म्हणायचे. दोन वर्षांत पहिल्या बाळंतपणात ती गेली. मागे राहिली मिल्का, एवढीशी.

मग दुसरी आली. खोटं कशाला बोलू, तिने मिल्काला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पण मला घासून भिंतीला टेकवताना ती माझी पाठ नेहमी भिंतीकडे करायची. तिला वाचता येत होतं.

पन्नास साली ती मंडळी इस्रायलला निघाली. मिल्का तेव्हा दहा वर्षांची. सामान बांधून झाल्यावर दुसरी मला घेऊन येसूबाईकडे आली. म्हणाली, “ही न्यायला माझा हात होत नाही, आणि मोडीत घालायलाही होत नाही. कधी कोण मागायला आलं तर द्या.”

येसूबाई शाळेची पायरी न चढलेली, पण शब्दाला पक्की. गावात लग्न निघालं की घरोघरची भांडी जमा व्हायची, आणि परत येताना हमखास अदलाबदल. माझी होऊ नये म्हणून ती मला तांबटाकडे घेऊन गेली. तो म्हणाला, मागे आधीच कुणाचं नाव आहे, ते ठोकून सपाट करू का. येसूबाई म्हणाली, “ते त्यांचं, त्याला हात लावू नको. आमचं कडेला घाल.” म्हणून माझ्या कडेवर तिच्या नवऱ्याचं नाव आलं, आत्माराम.

पुढे स्टील आलं आणि मी पाणचुलीवर गेले. धुराने पाठीवर काजळीचा असा थर बसला की नाव काय, पितळ आहे की लोखंड तेही कळेना. येसूबाई वारली. तिची सून राजश्री मला रोज उचलायची, ठेवायची. उलटी करून कोण बघतंय.

काल रस्त्यावर एक परकी बाई घुटमळताना राजश्रीला दिसली. राजश्रीला राहवतंय थोडंच! कुठून आलात, कुणाकडे, बरोबर कोण आहे, हे सगळं तिने फाटकातच विचारून घेतलं. बाईचं नाव ओर्ना. मिल्काची मुलगी. मराठी बोलत होती, पण आईकडून शिकलेली, पन्नास सालात थांबलेली. शलोमजींचं घर शोधत होती, आणि तिथे तर आता चार मजली इमारत.

राजश्रीने तिला जेवायला बसवलं. तुमच्यात खवल्याचेच मासे चालतात ना, असं विचारून बांगडे तळले. जेवताना ओर्नाने सांगितलं ते असं. मिल्का आता पंच्याऐंशीची. गुरुवारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन. त्यांच्यात आजारी माणसासाठी प्रार्थना करताना बापाचं नाव घेत नाहीत, आईचं घेतात. अमकीची लेक तमकी, असं. मिल्का जन्मभर दुसरीचं नाव सांगत आली. दुसरी वारली तेव्हा तिला कळलं की आपली आई वेगळी होती, आणि तोवर शलोमजीही गेलेले. आता ती एकच धरून बसली होती, मला माझ्या आईच्या नावाने देवासमोर जायचंय.

ओर्ना सगळीकडे फिरून आली होती. कबरस्तानातला दगड फुटलेला. जन्माच्या नोंदीत आईच्या जागी नुसतं लिहिलेलं, शलोम निवळीकर याची बायको. विमान परवा सकाळी.

मी पडवीत ऐकत होते. माझ्या पाठीवर ठोक्यांचं मोहोळ उठलं होतं. सांगणार कशी?

हात धुवायला ओर्ना मागे आली. ऊन पाणी काढायला राजश्रीने मला उचललं आणि तशीच उभी राहिली. “अगो बाय, सासूबाई ही तुमचीच म्हणायच्या.”

ओर्नाने माझी कड पुसली. एकेक अक्षर लावत वाचलं, आ-त्मा-रा-म. मग मला हळूच खाली ठेवलं. “नाही. ही तुमची आहे.”

एवढी वर्षं त्या नावाने मला हरवू दिलं नव्हतं. आता त्याच नावामुळे माझ्या माणसांनी मला ओळखलं नाही.

पण राजश्री कसली गप्प बसतेय. सासूबाई उगाच बोलायच्या नाहीत म्हणत तिने मला पालथं केलं. चिंच, राख आणि काथ्या घेऊन दोघी बसल्या. अर्ध्या तासाने पहिला ठिपका चमकला. मग ओळ. ओर्ना वाचायला गेली, तिला पुढे वाचवेना. राजश्रीने वाचलं, “सौ. शेगुलाबाई शलोम निवळीकर हीस, वडील हसाजी यांजकडून. पेण, १९३८.”

शेगुला. सत्त्याऐंशी वर्षांनी मला माझ्या पाठीवरचं नाव कळलं.

ओर्नाने तिथूनच फोन लावला. फोनच्या काचेत पांढऱ्या केसांची मिल्का दिसली. नाव तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग आपल्याशीच म्हणून पाहिलं, “मिल्का, शेगुलाची लेक.” आणि म्हणाली, “कडेला दुसरं नाव आहे म्हणतेस, ते पुसू नका हो. त्यांनी सांभाळलीन.”

उद्या मी निघतेय. राजश्रीने मला येसूबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलंय आणि ओर्नाला चारदा बजावलंय, कसल्या पावडरीने घासू नको, चिंचच वापर. ऑपरेशनचं काय होईल, मला ठाऊक नाही. प्रार्थना मात्र खऱ्या नावाने होईल.

तुमच्याही घरात, माळ्यावर नाहीतर पाणचुलीवर, माझी एखादी बहीण असेल. तिला एकदा उलटी करून बघा. घरात जिला कुणी नावाने हाक मारली नाही, ती तिथे असेल.

ओर्नाने मला पेटीत पालथी ठेवलीय. मुद्दाम. तोंड खाली, पाठ वर.

अशी मानाने पालथी मी आजवर कधी पडले नव्हते.