पुलावरची सही

"भाऊ, एका जागी बसा बरं. तुमच्या फेऱ्यांनी मलाच चक्कर यायला लागली," रुग्णवाहिकेवरची सिस्टर म्हणाली.

ड्रायव्हर बाकावर टेकला आणि लगेच उठला. समोरच्या बंद दाराआड दोन नगरपालिकांची बैठक चालली होती आणि आत टेबलावर त्याची वही होती. नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावात मिळून रुग्णवाहिका एकच. तिचा खर्च निम्मा निम्मा वाटून घ्यायचा करार आज संपत होता. पलीकडच्यांनी अंग काढून घेतलं, तर उद्यापासून गाडी पूल ओलांडणार नव्हती.

या दोन नगरपालिकांचा एकमेकींवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून पलीकडे जाता-येता पुलावरच्या चौकीशी गाडी थांबवायची, मीटरचा आकडा वहीत लिहायचा आणि चौकीदाराची सही घ्यायची, असा नियम होता. सही असेल तर फेरी पलीकडच्यांच्या रकान्यात, नसेल तर अलीकडच्यांच्या. काम दोन मिनिटांचं. चौकीदार जागेवर नसला तर किती मिनिटांचं, हे नियम करणाऱ्यांनी लिहिलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी चौकीदार असाच जागेवर नव्हता. गाडीत धाप लागलेली एक म्हातारी होती. त्याला शोधून आणून सही होईपर्यंत ती गेली. तिच्या मुलीने आरडाओरडा केला नाही. "आपण थांबलो कशाला होतो?" एवढंच तिने विचारलं. तेव्हापासून दुखणं जिवावरचं असलं की ड्रायव्हर पुलावर ब्रेकला पाय लावत नसे. फेरी मुकाट्याने अलीकडच्यांच्या रकान्यात जाई. अलीकडच्या साहेबांनी ती वही कधी उघडली नाही, आणि सिस्टरने सगळं पाहून कधी तोंड उघडलं नाही.

शिपायाने त्याला आत बोलावलं. पलीकडचे नगराध्यक्ष वहीतला आपला रकाना वाचून दाखवत होते.

"पाय मुरगळला. पोटात दुखलं. हाताला दोन टाके. वर्षभरात एकोणीस फेऱ्या, अन् त्याही असल्या! यापायी आम्ही निम्मा खर्च सोसायचा? रिक्षा काय वाईट आहे?"

ड्रायव्हर थांबत होता किरकोळ दुखण्यांना, तेव्हा त्यांच्या रकान्यातही किरकोळच उरली होती. आपण ज्यांच्यासाठी थांबलो नाही, त्यांचीच गाडी आपण बंद पाडतोय, हे त्याला उभ्या उभ्या कळलं. निवृत्तीला चौदा महिने होते. विचारतील तेवढंच बोला, शहाणपणा नको, असं बायकोने सकाळी डबा देताना बजावलं होतं.

"साहेब, ती वही खोटी आहे," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. असल्या फेऱ्या किती, असं कुणीतरी विचारलं. यंदाच्याच साठच्या वर, तो म्हणाला. पुरावा काय, असं दुसऱ्याने विचारलं. कागदावर काहीच नव्हता. या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख दरवर्षी बायकोला विचारावी लागते. पण तो घरं सांगू लागला. पाण्याच्या टाकीमागच्या शिंप्याची बायको, बाळंतपण अडलेलं. गिरणीवाल्याचा भाऊ, पट्ट्यात हात गेला. शाळेच्या शिपाईणबाई, छातीत कळ. अलीकडचे साहेब आधी रागाने आणि मग नुसतेच ऐकत राहिले.

"बास," नगराध्यक्ष म्हणाले. त्यांनी वही मिटली. "तुम्ही एक घर सोडलंत."

ते घर ड्रायव्हरने मुद्दाम सोडलं होतं. उपकार काढून दाखवल्यासारखं झालं असतं.

"आमच्या वडिलांना नेलंत, त्या दिवशी पुलावर थांबला होतात?"

"नाही, साहेब."

करार पाच वर्षांसाठी झाला आणि चौकीच्या सहीचा नियम त्यातून काढून टाकला. वहीत खोट्या नोंदी केल्याबद्दल ड्रायव्हरला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर करण्यात आलं. तेही त्याच कागदावर, शेवटच्या ओळीत. हे रीतसरच झालं, असं तो सिस्टरला म्हणाला. ती मात्र रडली. किल्ली तिच्या हातात देताना त्यालाही फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी घरी बसवेना, म्हणून दुपारी तो चालत निघाला. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, पण पाय पुलावर आले. चौकीला कुलूप होतं. मागून ओळखीचा सायरन आला, तसा तो कठड्याला चिकटून उभा राहिला आणि त्याचा हात आपसूक खिशातल्या पेनाकडे गेला. गाडी पलीकडे निघाली होती. ती चौकीपाशी थांबली नाही.