गाळलेली पानं

"दाबून धरा, आजोबा. एवढ्यात सोडायचं नाही," सुईवालीनं आजोबांच्या कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा ठेवला आणि पुस्तक उघडलं.

घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घ्यायचं हे तिचं काम, म्हणून हे नाव. आजोबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. त्यामुळे सुई काढल्यावर रक्त थांबेपर्यंत तिला बसावंच लागे. नजर गेलेले आजोबा तेवढ्यात तिच्याकडून एक जुनी कादंबरी वाचून घेत. कादंबरी रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची. "तुझ्याच धंद्यातला आहे, ओळख करून घे," ते पहिल्या दिवशी म्हणाले होते.

तिचा जीव मात्र पुढच्या घरांत अडकलेला. उपाशीपोटी ताटकळलेली माणसं फोनवर फोन करायची. मग ती दोन-चार पानं एकदम उलटायची. दिसत तर नाही, कळणार कसं? आजोबा नुसती मान हलवायचे.

हळूहळू त्या पिशाच्चानं तिलाच झपाटलं. पुढं काय होतं ते कळल्याशिवाय चैन पडेना, म्हणून तिनं पुस्तक घरी नेलं आणि सुट्टीच्या दिवशी जेवता जेवता पहिल्यापासून वाचायला घेतलं. गाळलेल्या पानांशी आली आणि घास हातातच राहिला. पिशाच्च झालेली बायको दाराशी येऊन 'आत घे' म्हणते. नवरा दार उघडत नाही, पण आतून तिच्याशी बोलत बसतो. तेवढ्याच पानांच्या कडा बोटं लागून लागून मऊ झाल्या होत्या. तिला स्वतःची लाज वाटली. न दिसणाऱ्या माणसाला फसवलं, तेही पाच मिनिटं वाचवायला.

पुढच्या खेपेला तिनं पेटी उघडायच्या आधीच पुस्तक मांडीवर घेतलं.

"आजोबा, मधली पानं राहिलीत. मी... गाळली होती."

"ठाऊक आहे गं," आजोबा म्हणाले. "ही होती तेव्हा तेवढीच पानं परत परत वाचायला लावायचो तिला. तू सोडलीस, तर म्हटलं, पोरगी घाबरली असेल."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. तिनं ती पानं एक शब्द न सोडता वाचली. फोन वाजत राहिला. मग तिनं रबरी पट्टा बांधला, शीर चाचपली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिची सुई चुकली.

आजोबांनी ओठ आवळले. मग दुसरी बाही वर सरकवली.

"घे. या हातात बघ."